आठ लाख कानांचं गुपित

अमेरिकी सरकारनं २०१२ या एका वर्षात ९ कोटी ५१ लाख वेळा कागदांवर, ईमेलवर, नकाशांवर ‘गोपनीय’चा शिक्का मारला. हा आकडा त्या सरकारच्याच माहिती-सुरक्षा कार्यालयानं आपल्या वार्षिक अहवालात छापला आहे. वर्षाचे सेकंद साधारण ३ कोटी १६ लाख. म्हणजे रात्र, रविवार, सणवार काही न पाळता दर सेकंदाला तीन शिक्के. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, असे कागद पाहण्याची परवानगी ५१ लाख लोकांकडे होती. आपल्या नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४६ लाख भरली होती. गुपितं जपणाऱ्यांचा अख्खा जिल्हाच म्हणा ना!

इतकं झाकलेलं असतं, तर आत काहीतरी शिजत असणारच, असं कोणालाही वाटेल. त्यात अधूनमधून झाकण उडतं आणि आतून खरोखरच सडका वास येतो. वॉटरगेट, पेंटागॉन पेपर्स, आपल्याकडे बोफोर्स, तेलगीचा मुद्रांक घोटाळा, आदर्श. मग कट्ट्यावर आणि व्हॉट्सअपवर एकच निष्कर्ष निघतो: एवढं पकडलं गेलं, तर न पकडलेलं केवढं असेल! चांद्रमोहीम खोटी, लसी खोट्या, निवडणुका, साथी, युद्धं, सगळं वरून ठरलेलं.

हा निष्कर्ष आकड्यांवर घासून पाहू. सरकारं खोटं बोलतात का, हा इथे प्रश्नच नाही. बोलतात, आणि त्याचे पुरावे पुढे येतीलच. प्रश्न एवढाच, की किती माणसांनी मिळून, किती वर्षं, एकच खोटं टिकवता येतं?

चार लाख तोंडं

चांद्रमोहिमेपासून सुरुवात करू. १९६५ मध्ये, काम ऐन भरात असताना, नासा आणि तिचे कंत्राटदार मिळून सुमारे ४ लाख ११ हजार माणसं कामाला होती. मोहीम बनावट असेल, तर यातल्या बऱ्याच जणांना ते कळायला हवं होतं. गोष्ट षट्कर्णी झाली की फुटलीच, असं आपण म्हणतो. इथे कान भरतात ८ लाख २२ हजार.

नुसती माणसं मोजून भागत नाही, जोड्याही मोजाव्या लागतात. गुपित फुटतं ते दोन माणसांच्या बोलण्यातून. दहा जणांच्या कटात ‘हा त्याच्याशी बोलू शकतो’ अशा ४५ जोड्या होतात. शंभर जणांत ४,९५०. आणि ४ लाख ११ हजार माणसांत ८,४४६ कोटी. दहावरून इथवर माणसं वाढली ४१ हजार पट, पण जोड्या वाढल्या १८७ कोटींहून अधिक पट. प्रत्येक जोडीत एखादं भांडण, एखादा घटस्फोट, एखादी हुकलेली बढती, दारूच्या दोन पेल्यांनंतरची एखादी बढाई शक्य आहे.

डेव्हिड रॉबर्ट ग्राइम्स या आयरिश भौतिकशास्त्रज्ञानं २०१६ मध्ये यावर एक निबंध प्रसिद्ध केला. उघडकीला आलेली तीन खरी प्रकरणं त्यानं घेतली: अमेरिकी गुप्तचरांची इंटरनेटवरची पाळत, टस्कीगीचा वैद्यकीय प्रयोग आणि एफबीआयच्या न्यायवैद्यक चाचण्यांमधला घोळ. त्यात किती माणसं होती आणि किती वर्षांत भांडं फुटलं, यावरून त्यानं हिशेब मांडला. निघालं असं, की कटवाल्यांना अनुकूल असं सगळं धरलं, तरी दहा लाख माणसांमागे वर्षाला साधारण चार फुटतात. प्रमाण किरकोळ वाटतं. पण चार लाख अकरा हजारांना लावलं, की चंद्रावरचं खोटं पावणेचार वर्षांत फुटण्याची शक्यता ९५ टक्के होते. आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला त्याला आता पंचावन्न वर्षं उलटून गेली.

उलट बाजूनंही तो हिशेब होतो. फुटण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत ठेवून गुपित पाच वर्षं टिकवायचं, तर जास्तीत जास्त २,५२१ माणसं परवडतात. शंभर वर्षं टिकवायचं, तर सव्वाशेपेक्षा कमी.

या गणिताला एक मोठी मर्यादा आहे आणि ती दडवण्यात अर्थ नाही. नमुने फक्त तीन, आणि तिन्ही फुटलेले. जे कधीच फुटले नाहीत ते या हिशेबात येणार कुठून? म्हणून केवळ सूत्रावर विसंबायला नको. ज्यांनी गुपित जपण्यासाठी जिवाचं रान केलं, त्यांचं काय झालं ते पाहू.

तेरा हजार टन चांदी

अणुबॉम्ब बनवणारा मॅनहॅटन प्रकल्प हे विसाव्या शतकातलं बहुधा सर्वांत मोठं ठरवून राखलेलं गुपित. ऐन भरात सव्वा लाख माणसं, खर्च त्या काळचे सुमारे २०० कोटी डॉलर. नकाशावर नसलेली शहरं उभी राहिली. त्यातल्या ओक रिजची वस्ती ७५ हजारांवर गेली. बहुतेकांना आपण काय बनवतोय हे माहीतच नव्हतं. पुढ्यातला काटा ठरलेल्या खुणेवर ठेवायचा, एवढंच काम.

युरेनियम वेगळं करायच्या यंत्रांना प्रचंड चुंबकं लागणार होती. युद्धामुळे तांबं मिळेना, म्हणून चांदीच्या तारा वापरायचं ठरलं. लष्करी अधिकारी केनेथ निकोल्स अर्थखात्यात गेले आणि त्यांनी काही हजार टन चांदी उसनी मागितली. समोरच्या अधिकाऱ्यानं त्यांना सुनावलं, की इथे चांदी टनात मोजत नाहीत, औंसात मोजतात. शेवटी १३,३०० टन चांदी गेली, म्हणजे त्या खात्याच्या भाषेत ४३ कोटी औंस. भुगा आणि कीससुद्धा गोळा करून ठेवत. शेवटची चांदी १९७० मध्ये परत आली आणि तूट निघाली एका टक्क्याच्या तिसाव्या भागाच्या आसपास. गुपित कितीही मोठं असो, त्याची खतावणी कुठेतरी असतेच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

इतका कडेकोट बंदोबस्त, वर युद्धकाळ, सेन्सॉरशिप आणि देशभक्तीची लाट. तरीही या प्रकल्पाच्या सुरक्षा विभागाला दीड हजारांवर ‘सैल तोंडा’च्या प्रकरणांचा तपास करावा लागला. मार्च १९४४ मध्ये तर क्लीव्हलंडच्या एका दैनिकानं न्यू मेक्सिकोतल्या ‘निषिद्ध शहरा’बद्दल लेखच छापला. क्लाउस फुक्स हा शास्त्रज्ञ आतून रशियाला माहिती पुरवत होता. २४ जुलै १९४५ ला पॉट्सडॅमला अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी स्टालिनच्या कानावर घातलं, की आमच्याकडे एक विलक्षण शक्तीचं अस्त्र आहे. स्टालिननं फारसं लक्ष दिलं नाही. त्याला ते आधीच ठाऊक होतं.

जगातल्या सर्वांत श्रीमंत सरकारनं, सर्वांत अनुकूल काळात, सव्वा लाख माणसांचं गुपित तीन वर्षं जपायचा प्रयत्न केला आणि ज्याच्यापासून ते जपायचं त्याच्याकडेच ते पोचलं.

टिकलेली गुपितं

याचा अर्थ गुपितं टिकतच नाहीत असा नाही. ८ मार्च १९७१ च्या रात्री पेनसिल्वेनियातल्या मीडिया नावाच्या गावी आठ सामान्य नागरिकांनी एफबीआयचं कार्यालय फोडलं. अवघा देश त्या रात्री महंमद अली आणि जो फ्रेझरच्या मुष्टियुद्धाला कान लावून होता. हजारावर कागद त्यांनी पळवले आणि वर्तमानपत्रांकडे पाठवले. त्यातून एफबीआय आपल्याच नागरिकांच्या चळवळी कशा पोखरत होती ते बाहेर आलं. सुमारे दोनशे एजंट त्या आठांच्या मागावर लागले, पण एकही हाती लागला नाही. २०१४ मध्ये त्यांच्यातले काही जण स्वतःहून पुढे आले तेव्हा ४३ वर्षं झाली होती. आठ माणसं, एक रात्र.

आपलं पोखरणही याच जातीचं. १९७४ च्या अणुचाचणीच्या कामात शास्त्रज्ञ आणि अभियंते मिळून पंचाहत्तरच्या वर माणसं नव्हती. १९९५ च्या डिसेंबरात पुन्हा चाचणीची तयारी सुरू झाली, तेव्हा अमेरिकी उपग्रहांनी ती टिपली आणि भारताला थांबावं लागलं. १९९८ ला तो धडा गिरवलेला होता. अब्दुल कलाम वाळवंटात लष्करी गणवेशात ‘मेजर जनरल पृथ्वीराज’ म्हणून वावरत. १ मेच्या पहाटे, मुंबई झोपेत असताना, ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून अण्वस्त्रांचे गाभे ट्रकनं विमानतळावर आणि तिथून एएन-३२ विमानानं जैसलमेरला गेले. ११ मेला स्फोट झाले, तेव्हा अमेरिकेलाही ती बातमीच होती. पण हे गुपित जपायचं होतं काही आठवडे, आणि त्याचा शेवट पंतप्रधानांनी जगाला ते सांगण्यानंच व्हायचा होता.

सर्वांत अवघड उदाहरण ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कचं. जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडणारी सुमारे नऊ हजार माणसं, त्यात तीन चतुर्थांश स्त्रिया. युद्ध संपल्यावर १९७४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, सर्वसामान्य ब्रिटिश माणसाला त्याचा पत्ता नव्हता. ग्राइम्सच्या सूत्राला हे उदाहरण पुरून उरतं. पण इथेही बारकाईनं पाहावं लागतं. त्या स्त्रियांना आपण कोणावर अन्याय करतोय असं वाटत नव्हतं, आपण देश वाचवला असं वाटत होतं. अभिमानानं गप्प बसणं आणि अपराधाच्या ओझ्याखाली गप्प बसणं यात फरक आहे. आणि एवढं करूनही तिथल्या जॉन केर्नक्रॉसनं फोडलेले संदेश युद्ध चालू असतानाच रशियाला पोचवले होते.

उघड्यावर पडलेले घोटाळे

आता खरे घोटाळे. १७ जून १९७२ ला वॉटरगेट इमारतीत पाच जण पकडले गेले ते फ्रँक विल्स नावाच्या रखवालदाराला दाराच्या कुलपावर चिकटपट्टी दिसली म्हणून. तिथपासून राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या राजीनाम्यापर्यंत ७८३ दिवस लागले. ४८ जण दोषी ठरले. जगातला सर्वांत बलाढ्य माणूस आपल्या मर्जीतल्या मूठभर लोकांना सव्वादोन वर्षंही गप्प ठेवू शकला नाही. त्यात आपल्याच दालनातल्या संभाषणांच्या सुमारे ३,७०० तासांच्या फिती त्यानं स्वतः करून ठेवल्या होत्या!

सीआयएचा ‘एमके-अल्ट्रा’ हा तर खराखुरा कट: माणसांना नकळत एलएसडी देऊन मनावर ताबा मिळवण्याचे प्रयोग. १४९ उपप्रकल्प, ८० संस्था, १८५ बाहेरचे संशोधक. १९७३ मध्ये संचालकांच्या हुकमावरून फायली नष्ट केल्या. पण १९७७ मध्ये माहितीच्या कायद्याखाली मागणी आली आणि सुमारे वीस हजार कागद सापडले. कुठे? हिशेबाच्या दप्तरात. प्रयोगाच्या फायली जाळल्या, बिलं जाळायची राहिली. चांदीच्या औंसासारखंच.

टस्कीगीची गोष्ट मात्र अंगावर काटा आणते, आणि तिथे ‘गुपित’ ही कल्पनाच डळमळते. १९३२ पासून अमेरिकी आरोग्यसेवेनं अलाबामातल्या ३९९ कृष्णवर्णीय, बहुतेक गरीब पुरुषांचा सिफिलिस मुद्दाम उपचार न करता ‘अभ्यासला’. सोबत तुलनेसाठी २०१ निरोगी पुरुष. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा सर्वमान्य इलाज झाला होता, तरी दिला नाही. हे चाळीस वर्षं चाललं. पण लपून नाही. १९३६ पासून त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. डॉक्टर वाचत होते आणि पान उलटत होते. पीटर बक्स्टन या कर्मचाऱ्यानं १९६६ मध्ये आत तक्रार केली, ती बाजूला पडली. शेवटी त्यानं वार्ताहरांना सांगितलं, जुलै १९७२ मध्ये बातमी छापली गेली आणि तो प्रयोग थांबला.

मुंबईकरांना याचं घरचं उदाहरण माहीत आहे. कुलाब्याची ‘आदर्श’ इमारत ३१ मजल्यांची. तिच्यात लपण्यासारखं काय होतं? समुद्रावरून दिसत होती, एकेक मजला चढत होती. मंजुऱ्या, शिफारसी, सभासदांच्या याद्या, सगळं कागदावर होतं. पुढे चौकशी आयोगानं २५ सभासद अपात्र ठरवले. माहितीच्या अधिकारात कागद मागणारे चिवट लोक भेटले म्हणून २०१० मध्ये प्रकरण पेटलं आणि मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली.

घोटाळ्यांचा साचा दिसतो तो असा. करणारे थोडे, फायदा ठरावीक, आणि आजूबाजूला पुष्कळ माणसं अशी, की ज्यांना दिसतं पण ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून ती फाईल पुढे सरकवतात. त्यासाठी जगाला नाचवणारी गुप्त मंडळी लागत नाही. दुपारच्या जेवणाआधी टेबल रिकामं करणारा कारकून पुरतो.

१११ किलोमीटर

‘पण एखाद्या सरकारनं खरोखरच सगळा समाज पोखरायचं ठरवलं तर?’ ठरवलं होतं. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्तपोलिस खात्यात १९८९ मध्ये ९१ हजार पूर्णवेळ नोकर आणि किमान १ लाख ७३ हजार खबरे होते. लोकसंख्या १ कोटी ६४ लाख. म्हणजे दर ६२ माणसांमागे एक. त्यांच्या फायली एकापुढे एक उभ्या लावल्या तर १११ किलोमीटर होतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रुळांच्या कडेनं मांडत गेलात, तर कर्जत मागे पडून घाट चढायला लागाल.

राजवट कोसळताना त्यांनी कागद फाडायला घेतले. यंत्रं बंद पडली, तेव्हा हातानं फाडले. उरली सुमारे १६ हजार पोती चिटोरे. ते जोडण्याचं काम १९९५ ला सुरू झालं आणि वीस वर्षांत सुमारे ५०० पोती हातानं जोडून झाली. त्या वेगानं उरलेल्यांना आणखी सहाशेवर वर्षं लागतील.

माणसाच्या इतिहासातली ही सर्वांत दाट पाळत. पण श्टाझी आहे, हे पूर्व जर्मनीत शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. आणि इतकी माहिती गोळा करूनही त्यांना आपली भिंत वाचवता आली नाही. सगळं माहीत असणं म्हणजे सगळं हातात असणं नव्हे.

झाकण उघडल्यावर

बंद पेटी उघडते तेव्हा आत काय सापडतं, हेही पाहण्यासारखं आहे. नेताजींच्या फायलींसाठी देशानं सत्तर वर्षं वाट पाहिली. केंद्रानं २३ जानेवारी २०१६ पासून त्या खुल्या करायला सुरुवात केली, एकूण ३०४. नेताजी अमुक ठिकाणी जिवंत होते, असा पक्का पुरावा त्यात निघाला नाही. पण दुसरंच काही त्या काळात उघड झालं: १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षं गुप्तचर खातं बोस कुटुंबावर पाळत ठेवून होतं. त्यांची पत्रं फोडून वाचत होतं. केनेडींच्या हत्येचंही तसंच. पन्नास लाख पानांचा तो संग्रह आता जवळजवळ सगळा खुला आहे. त्यात सीआयएचे नको ते उद्योग सापडले, दुसरा बंदूकधारी सापडला नाही. तरी २०२३ च्या गॅलप पाहणीत ६५ टक्के अमेरिकनांना ते कारस्थानच वाटत होतं.

इथे दोष फक्त लोकांचा नाही. जे सरकार पाळतीसारखी लाजिरवाणी गोष्ट लपवण्यासाठी फाईल दाबून धरतं, तेच लोकांना सांगत असतं, की आत काहीतरी भयंकर आहे. सेकंदाला तीन शिक्के मारले, की खरोखर जपायचं काय आणि अब्रू झाकायला काय, हे शिक्का मारणाऱ्यालाही सांगता येत नाही.

सर्वव्यापी कटावर विश्वास ठेवण्यातला खरा तोटा इथे आहे. सगळेच सामील असतील, तर दाद मागायची कोणाकडे? मग माणूस हातावर हात ठेवून बसतो आणि वर ‘मला सगळं कळतं’ याचं समाधान मिळवतो. खऱ्या चोराला याहून सोयीचं काही नसतं. टस्कीगी थांबली ती ‘सगळे विकले गेलेत’ म्हणणाऱ्यांमुळे नाही. एक प्रयोग, एक खातं, एक तारीख यावर बोट ठेवून ‘हे चुकतंय’ म्हणणाऱ्या एका माणसामुळे थांबली.

म्हणून पुढच्या वेळी फोनवर एखादं महाकारस्थान आलं, की तीन प्रश्न विचारा: किती माणसं लागतील? किती वर्षं गप्प राहावं लागेल? आणि पैसे कोणत्या खात्यातून गेले? माणसं लाखांत आणि वर्षं दशकांत गेली, तर तो संदेश पुसून टाका. माणसं वीस-पंचवीस, मुदत एका निविदेपुरती आणि पैसे तुमच्याच नगरपालिकेचे असतील, तर मात्र पुसू नका.

शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा, इंग्रजांच्या काळातला, आणि अजून जिवंत. पण २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम २२ सांगतं, की दोन्हींत विसंगती आली तर माहितीचा कायदा वरचढ. गुप्तचर खात्यांना त्यातून बरीचशी सूट आहे, रस्त्याच्या कंत्राटाला नाही. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. संशय असेल, तर तेवढे दहा रुपये खर्च करा.